मोठीचं माप

सकाळी साडेसातला जेवणाच्या टेबलावरचे कप उचलले की त्याच टेबलावर शाळा सुरू व्हायची. एका बाजूला मोठी, साडेनऊ वर्षांची. तिच्यासमोर धाकटा, साडेपाचचा. मधल्या खुर्चीवर आई. गणित आधी असायचं, कारण नऊ वाजता धुण्याचं मशीन लावलं की त्याच्या गरगरण्याने टेबल थरथरायचं आणि आकडे वाकडे यायचे. मशीन चालू असताना तोंडी काम: पाढे, कविता, उलट-सुलट मोजणी. कपडे वाळत घालताना धाकट्याने मोज्यांच्या जोड्या लावायच्या. एक मोजा उरला की संख्या विषम. अपूर्णांक पावाच्या कापांवर झाले होते आणि लगेच खाल्लेही गेले होते. श्रुतलेखन म्हणजे बाजाराची यादी. शब्द चुकला तर ती वस्तू घरात यायची नाही. एकदा धाकट्याने 'बटाटे'च्या जागी 'बटटे' लिहिलं आणि दोन दिवस घरात बटाटा आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तो शब्द बरोबर लिहिला, वहीत एकदा आणि भिंतीवर चार वेळा.

आई स्वतः शिक्षिका होती. रस्त्याच्या टोकाच्या शाळेत तिने आठ वर्षं शिकवलं होतं. धाकटा दिवस भरायच्या आत जन्मला, फुप्फुसं कच्ची घेऊन. दुसऱ्या वर्षी तो दोनदा दवाखान्यात राहिला, त्यातल्या दुसऱ्या वेळी बारा दिवस. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षं याला गर्दीपासून लांब ठेवा. घरात कुणी सर्दी-खोकला आणणार नाही एवढं बघा. आईने नोकरी सोडली. मोठी तेव्हा पहिलीत होती. शाळेतली मुलं काय काय घरी घेऊन जातात हे आईइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने मोठीचंही नाव काढून घेतलं. "धाकट्याला बरं वाटेपर्यंत," असं तिला सांगितलं.

दोनाची पावणेचार वर्षं झाली. सगळं अंगवळणी पडलं. मुलांचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे; दिवसभर वीस इमारतींची धूळ अंगावर घेऊन घरी यायचे. आले की दाराजवळच्या न्हाणीघरात कपडे बदलायचे, आंघोळ करायचे आणि मगच मुलांना हात लावायचे. त्यांच्या बहिणीला तीन मुलं होती आणि तिघांपैकी एकाचं नाक कायम वाहतं असायचं. म्हणून तिच्याकडे जाणं बंद झालं होतं. आधी ती बोलावत राहिली, मग तिने बोलावणं सोडलं.

मोठी अभ्यासात वयाच्या दोन वर्षं पुढे होती. हे आई कुणी न विचारताही सांगायची.

एका गुरुवारी आई स्वेटरची चेन बदलायला खालच्या मजल्यावर शिवणकाकूंकडे गेली. काकू दाराशी मशीन टाकून बसायच्या आणि जवळपासच्या सगळ्या मुलांचे गणवेश शिवायच्या. कुणाचं मूल किती वाढलं, कोण सुटलं, कोण खंगलं हे त्यांना आई-बापांच्या आधी कळायचं.

चेन बघता बघता त्या म्हणाल्या, "बरं, मोठीचं माप घेऊन ठेवलंय मी. कापड तेवढं लवकर दे. सुट्टी संपत आली की गर्दी उडते, मग माझ्या नावाने बोंब नको."

"कसलं माप?" आईच्या तोंडून निघून गेलं.

"अगं, गणवेशाचं! मागच्या आठवड्यात आली होती ती. म्हणाली, आई कापड आणून देणार आहे. लांबीला दोन बोटं जास्त ठेवा, मी वाढतेय, असंही बजावलं मला. भारी आहे हो पोरगी." काकूंनी चष्म्यावरून वर पाहिलं. "का गं? तुला माहीत नाही?"

"माहीत आहे ना," आई म्हणाली. "विसरलेच होते. देते आणून."

दोन जिने चढताना ती मधल्या वळणावर थांबली. दम लागला म्हणून नव्हे. तिथल्या खिडकीतून शाळेचं अंगण दिसायचं. मधली सुट्टी झाली होती आणि मुलं नेहमीसारखी उगाचच धावत होती. वर आली तेव्हा मोठी त्याच बाजूच्या, स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाणी पीत उभी होती. तिला रोज दहा-चाळीसलाच तहान लागायची. आईला आजवर ती तहानच वाटत आली होती.

दोन दिवस नेहमीसारखे गेले. मोठीने भागाकार केले, धाकट्याला वाचून दाखवलं, भांडी पुसून ठेवली. तिच्यात काही वेगळं दिसतं का हे आई बघत राहिली. काही दिसलं नाही. यानेच ती जास्त अस्वस्थ झाली, कारण याचा अर्थ हे आजकालचं नव्हतं.

शनिवारी दुपारी दोघी चादरींच्या घड्या घालत होत्या. चादरीची दोन टोकं आईच्या हातात, दोन मोठीच्या. झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि टोकं टोकांना लावायची. पहिल्या घडीला आईने विचारलं, "शिवणकाकूंना माप कशाला दिलंस?"

मोठीने टोकं सोडली नाहीत. "उगाच. किती वाढले ते बघायला."

"ते दारामागे खुणा करून बघतो आपण."

 चादर दोघींच्या मध्ये ताणलेली होती.

"खोटं कधीपासून बोलायला लागलीस?"

"मला शाळेत जायचंय," मोठी म्हणाली. रडून नव्हे, रुसूनही नव्हे. यादीतला शब्द वाचावा तशी. "तू म्हणाली होतीस, धाकट्याला बरं वाटेपर्यंत. तो बरा झालाय."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर म्हणाले."

"तुला काय माहीत डॉक्टर काय म्हणाले?"

"मी तिथेच होते ना. वजनकाट्याजवळच्या स्टुलावर. ते म्हणाले, आता याला कुठेही न्या, हा बाकीच्या मुलांसारखाच आहे. आणि म्हणाले, मोठीलाही आता शाळेत घाला. तू म्हणालीस, हो."

आईला ती खोली आठवली. काचेच्या बरणीतला कापूस, भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र, डॉक्टरांचे थंड हात लागून हसणारा धाकटा. स्टूल मात्र आठवत नव्हतं. मोठी बरोबर होती हेच ती विसरली होती. गोष्ट अकरा महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं होतं, "वजन वाढलंय, छाती बरी आहे, पण जपा म्हणाले." यातलं 'जपा' डॉक्टरांचं नव्हतं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बाबांना सांगितलं नाहीस," मोठी म्हणाली. "मला वाटलं, तुला सांगायचं नसेल. म्हणून मीही नाही सांगितलं."

आईने चादरीची उरलेली घडी घातली, ती कपाटात ठेवली आणि दुसरी चादर उचलली. मोठीने आपली दोन टोकं धरली. ती चादर, मग उश्यांचे चार अभ्रे, मग टेबलावरचं कापड. सगळ्या घड्या नीट झाल्या.

तिने का लपवलं हे तिला कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. भीती होतीच. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि तिने तर बारा दिवस दवाखान्याच्या खुर्चीवर काढले होते. पण नुसती भीती म्हणावी तर तेही पुरतं खरं नव्हतं. साडेसातला कप उचलून टेबल पुसलं की दोन डोकी तिच्याकडे वळायची. चाळीस मुलांच्या वर्गात आठ वर्षांत तिला असं कुणी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो खाली बसून धाकट्याच्या तीनचाकीची घंटी खोलत होता. मुलं आतल्या खोलीत होती. तिने हातचं काही राखलं नाही, डॉक्टरांचं वाक्यच्या वाक्य सांगितलं आणि स्वतः जोडलेला शब्दही सांगितला.

त्याने पाना खाली ठेवला. "अकरा महिने?"

"हो."

"आणि पोरीला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे या घरात मला एकट्यालाच माहीत नव्हतं."

"धाकट्यालाही नव्हतं," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं की हे न म्हटलेलं बरं होतं.

तो माणूस आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता. रोज अडकलेल्या लोकांशी शांतपणे बोलायचं हे त्याचं अर्धं काम होतं. त्याने घंटी जोडली, वाजवून पाहिली, मग उठून बहिणीला फोन लावला. "आज येतो आम्ही," तो म्हणाला. "सगळे. हो, धाकटासुद्धा. नाही, काही झालं नाही. काही झालं नाही म्हणूनच येतोय." पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. तो नुसतं "हं" म्हणत होता.

बहिणीच्या घरी धाकट्याने तीन भावंडांबरोबर पलंगाखाली किल्ला केला. आई सोफ्याच्या कडेला बसून त्यांचे श्वास मोजत होती आणि कुणी बघितलं की हसत होती. नणंद चहा देताना एवढंच म्हणाली, "वहिनी, तू वाळलीस गं." टोमणा नव्हता. दोन दिवस नवरा तिच्याशी लागेल तेवढंच बोलला. तिसऱ्या दिवशी कामावरून आला तेव्हा कपडे न बदलता तसाच आत आला, धाकट्याला उचललं आणि त्याच्या पोटात डोकं घासलं. धाकटा किंचाळला, "बाबा, तू घाण आहेस!" आणि त्याला ते इतकं आवडलं की पुन्हा कर म्हणाला.

त्याच आठवड्यात आई मोठीला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापिका बाई तिच्या जुन्या सहकारी. एकेकाळी शिक्षकांच्या खोलीत दोघी एका डब्यात जेवायच्या. बाईंनी मोठीला समोर बसवलं, वाचायला दिलं, गणितं दिली, मग बाहेर अंगणात पाठवलं आणि दोघी खिडकीतून बघत राहिल्या. घसरगुंडीपाशी मुलांची रांग होती. मोठी रांगेच्या बाजूला उभी राहिली. मग दुसऱ्या बाजूला गेली. कुणीतरी तिला काही विचारलं. तिने बरंच सविस्तर उत्तर दिलं असावं, कारण विचारणारा मुलगा मध्येच निघून गेला.

"गणित सहावीचं येतं तिला," बाई म्हणाल्या. "रांग मात्र पहिलीची येते. चौथीतच घालूया. वयाच्या मुलांबरोबर."

"ती कंटाळेल."

"कंटाळू दे. इथे सगळेच कंटाळतात, ते काही एकटं बसून कंटाळणं नव्हे." बाईंनी अर्जाचा कागद पुढे सरकवला. "मलाही राग होता तुझा. वर्षाच्या मध्यात गेलीस, चौकशीला आले तर दारातूनच परत पाठवलंस. पण ते तुझ्या-माझ्यातलं. तिला सुट्टी संपली की पाठव."

आईने कापड आणलं. शिवणकाकूंनी लांबीला दोन बोटं जास्त ठेवून गणवेश शिवला आणि सुट्टी संपल्यावर पहिल्या सोमवारी मोठी शाळेत गेली. ती मागे वळून बघेल म्हणून आई वळणापर्यंत उभी राहिली. मोठीने वळून बघितलं नाही. तिला दप्तराचा पट्टा सांभाळायचा होता.

पहिला आठवडा वाईट गेला. प्रत्येक प्रश्नाला तिचा हात वर जायचा, आणि सरांनी विचारलं नाही तरी ती उत्तर सांगून टाकायची. तिसऱ्या दिवशी तिला नाव पडलं: डिक्शनरी. चौथ्या दिवशी खेळात बाद झाल्यावर तिने खेळाचा नियमच कसा चुकीचा आहे हे समजावून सांगितलं, आणि पाचव्या दिवशी तिला कुणी खेळायला घेतलं नाही. शुक्रवारी ती घरी आली, बूट काढले आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. नळाचा आवाज फार वेळ येत राहिला म्हणून आईला कळलं.

दाराबाहेर उभी असताना आईला एक क्षण बरं वाटलं. ते बरं वाटणं तिने ओळखलं आणि तिची तिलाच शरम वाटली. तरी मोठी बाहेर आल्यावर ती म्हणालीच, "नको असेल तर नको जाऊस. टेबल आहेच आपलं."

मोठीने टॉवेलमधून तोंड बाहेर काढलं. "आई, तू असं म्हणू नकोस ना," ती म्हणाली. "तू असं म्हणालीस की मला जावंसं वाटत नाही."

आईने पुन्हा तसं म्हटलं नाही.

घरी टेबलावर आता धाकटा एकटा होता. पहिल्या दिवशी त्याने जाहीर केलं, "वर्गात माझा पहिला नंबर!" बाबा म्हणाले, "शेवटचाही तुझाच." त्यावर तो दिवसभर विचारात पडला. त्याला पुढच्या वर्षी घालायचं असं दोघांनी ठरवलं होतं. मोठी नसल्याने त्याला कुणी वाचून दाखवत नव्हतं, म्हणून तो स्वतः वाचू लागला, मोठ्याने, एकेका अक्षरावर बोट ठेवून, औषधाच्या बाटलीपासून कॅलेंडरपर्यंत सगळं.

तिसऱ्या आठवड्यात मोठी शिंकत घरी आली. आईने तिला वेगळी बसवली, वेगळा पेला दिला, पण घर दोन खोल्यांचं. दोन दिवसांनी धाकट्याचं नाक गळायला लागलं, आणि संध्याकाळी ताप चढला. खोकला तसाच, छातीतून येणारा, जो आईने पावणेचार वर्षं ऐकला नव्हता आणि एक दिवसही विसरली नव्हती. तिने जुनं वाफ द्यायचं भांडं माळ्यावरून काढलं. त्यात पाणी भरून उकळत ठेवलं.

बाबा त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. या वेळी तेच गेले, आई मागोमाग. डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, घसा बघितला. "साधी सर्दी आहे," ते म्हणाले. "चार-पाच दिवस राहील. खाऊ-पिऊ द्या."

"फक्त सर्दी?" आईने विचारलं.

"फक्त सर्दी. याच्या वयाच्या मुलाला वर्षात सहा वेळा होते. याला झालीच नाही म्हणून तुम्हाला नवल वाटतंय."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो धाकट्याच्या शर्टाची बटणं लावत होता. "जपा वगैरे काही?" त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नाही." मग तो बायकोकडे बघून किंचित हसला. तिने ते सांगितल्यापासून पहिल्यांदा.

मोठी मात्र ते तिघे घरी परतल्यापासून दाराच्या चौकटीशी उभी होती. आत येत नव्हती, बाहेरही जात नव्हती. "मी आणला ना खोकला?" तिने विचारलं.

"सर्दी आहे," आई म्हणाली. "कुणीही आणतं."

"मी उद्या घरी थांबते."

आई धाकट्याच्या कपाळावरची घडी बदलत होती.  थांब म्हणणं सोपं होतं. पोर स्वतःहून म्हणत होती. कुणी तिला दोष दिला नसता. एक दिवसाचे दोन, दोनाचे पाच, आणि पाच दिवसांनी शाळेत परत जाणं पहिल्या दिवसापेक्षा अवघड झालं असतं. हे सगळं तिला शिक्षिका म्हणून ठाऊक होतं. आई म्हणून तिने ते आजवर बाजूला ठेवलं होतं.

"उद्या काय आहे तुझं?" तिने विचारलं.

"विज्ञान. आणि खेळाचा तास."

"मग जा. डबा करून ठेवते. याच्याजवळ मी आहे."

सकाळी मोठी गेली. धाकट्याचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला, खोकला आठवडाभर रेंगाळला आणि मग ज्या मार्गाने आला होता त्या मार्गाने गेला. रात्री कुणाला जागावं लागलं नाही. आई जागली ती स्वतःच्या हौसेने, असं बाबा म्हणाले.

दोन महिन्यांनी पालकसभा झाली. चौथीचे सर तरुण होते, नोकरीत नवीनच लागलेले. आईसारख्या जुन्या शिक्षिकेसमोर बसताना त्यांनी उगाचच कागद सारखे केले. अभ्यासाचं दोन वाक्यांत आटोपलं. मग ते म्हणाले, "वर्गाला हसवते फार. माझी नक्कलही करते, मी पाठमोरा असलो की. मला खिडकीच्या काचेत दिसतं. आणि शिट्टी! अशी शिट्टी वर्गात कुणाची नाही. मागच्या आठवड्यात सहलीला दोन मुलं मागे राहिली होती, तिच्या शिट्टीवरच ती परत आली. आता मुलं तिला रेफरी म्हणतात."

"आमची?" आईने विचारलं.

सरांनी कागदावरचं नाव पुन्हा बघितलं. "हो. तुमचीच."

ती घरी चालत आली. पावणेचार वर्षं ती मुलगी तिच्यापासून एका टेबलाच्या अंतरावर बसली होती. तिची चुकलेली प्रत्येक बेरीज आईला आठवत होती. शिट्टी तिने एकदाही ऐकली नव्हती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "शिट्टी होय? मीच शिकवली. तू बाजारात जायचीस तेव्हा. घरात शिट्टी वाजवलेली तुला आवडत नाही ना, म्हणून सांगितलं नाही."

"किती दिवस झाले?"

"असतील वर्ष-दीड वर्ष."

 तिने टेबलावरचे पेले उचलले. मोठी गृहपाठ घेऊन बसली होती. धाकटा तिच्या वहीत डोकावून मोठ्याने वाचत होता आणि ती त्याला कोपराने ढकलत होती.

"सर सांगत होते, तू छान शिट्टी वाजवतेस," आई म्हणाली. "वाजव ना."

मोठीचे कान लाल झाले. तिने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. "नको," ती म्हणाली. "ते वर्गातलं आहे."

"बरं," आई म्हणाली, आणि पेले धुवायला घेतले.